ऊर्फ, आरपाँ आणि न मरणारी गाय: क्यूबेकच्या शेतकरी पूर्वजाचा माग कसा काढावा

माझी मुलगी कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात, मॉन्ट्रिऑलची सून झाली आणि आम्हाला फ्रेंच बोलणारे व्याही मिळाले. पुढं नातीला शाळेनं घराण्याचा तक्ता करून आणायला सांगितला. आमच्या बाजूच्या सहा पिढ्या मी बसल्या बैठकीला सांगितल्या. व्याह्यांना विचारलं तर म्हणाले, "आमचे पणजोबा शेतकरी होते. याउपर मला काही ठाऊक नाही."

माझी अठ्ठावीस वर्षं दुय्यम निबंधक कार्यालयात जुन्या दस्तांची धूळ खाण्यात गेली. कुणी "याउपर ठाऊक नाही" म्हटलं की माझे हात शिवशिवतात. सात महिन्यांनी आम्ही १६६० च्या दशकात पोचलो होतो, तेही मला फ्रेंच धड बोलता येत नसताना. या कामाला दीडशे-दोनशे शब्द ओळखता आले की पुरतात.

ज्यांचे जावई, सुना, नातवंडं तिकडची आहेत किंवा ज्यांना नुसती हौस आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी बांधून ठेवा. पिढ्यांची साखळी चर्चच्या वहीत सापडते; शेतकरी सापडतो नोटरीच्या दप्तरात. बहुतेक जण साखळी पुरी झाली की तक्ता चौकटीत लावतात आणि थांबतात. मजा खरी त्यानंतर सुरू होते.

आधी घर झाडा

संगणक उघडण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाशेजारी बसा. जुने फोटो, बायबलमध्ये ठेवलेली कागदं, आणि खास करून मृत्यूनंतर नातेवाइकांना वाटली जाणारी प्रार्थनेची छोटी कार्डं मागा. त्या कार्डावर बहुधा मृत्यूची तारीख, वय आणि बायकोचं नाव असतं. आम्हाला असं एक कार्ड शिवणाच्या डब्यात मिळालं.

तीन गोष्टी नक्की विचारा: आजीचं माहेरचं आडनाव, लग्न कुठल्या गावच्या चर्चमध्ये झालं, आणि घरातलं कुणी अमेरिकेला गेलं होतं का. तिसरा प्रश्न फालतू वाटेल, पण १८४० ते १९३० या काळात सुमारे नऊ लाख फ्रेंच-कॅनडियन माणसं शेती सोडून अमेरिकेत गेली. लोवेल, मँचेस्टर, वुनसॉकेट, फॉल रिव्हर इथल्या कापडगिरण्यांत त्यांनी नोकऱ्या धरल्या. काही परतली, बरीच तिथेच राहिली. राहिलेल्यांची नावं बदलली: रुआ चे किंग झाले, लब्लाँ चे व्हाइट, बुआव्हेर चे ग्रीनवुड. म्हणजे घराण्याचं नाव किंग आणि आजी मात्र फ्रेंचमध्ये गाणी म्हणायची असा मामला असेल, तर काय झालं असेल ते समजून घ्या.

अमेरिकी सरकारी नोंदीत जन्मस्थळ म्हणून नुसतं ‘कॅनडा’ लिहिलेलं असतं, ते कुचकामी. त्या गिरणगावातल्या फ्रेंच चर्चची लग्नाची वही शोधा. तिथला पाद्री आईबापांची नावं लिहितो, आणि नशीब असेल तर क्यूबेकमधलं गावही.

या देशात हे जमतं कसं

कॅथलिकांच्या ट्रेंटच्या धर्मसभेनं १५६३ मध्ये प्रत्येक पॅरिशनं (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीनं) बाप्तिस्म्यांची आणि लग्नांची वही ठेवावी असा दंडक घातला. गोव्यातल्या जुन्या चर्चांमधल्या वह्याही याच दंडकातल्या. ज्यांनी त्या चाळल्या असतील त्यांना क्यूबेकची वही परकी वाटणार नाही. भाषा पोर्तुगीजऐवजी फ्रेंच, एवढंच.

क्यूबेकच्या नोंदी १६२१ पासून आहेत. त्यातही एक गंमत आहे. १६४० मध्ये क्यूबेक शहरातलं चर्च जळालं, त्यात वह्या गेल्या, आणि पाद्र्यांनी आधीच्या नोंदी आठवून आठवून पुन्हा लिहिल्या. म्हणून त्या पहिल्या एकोणीस वर्षांच्या नोंदी त्रोटक वाटल्या तर नवल नको.

१६७९ पासून प्रत्येक वही दोन प्रतींत लिहिली जाऊ लागली. एक चर्चकडे, दुसरी दरसाल न्यायालयाकडे. दुय्यम निबंधकात मीही दोन प्रतींचा जमाखर्च ठेवलाय, त्यामुळे ही व्यवस्था वाचून मला बरं वाटलं. नवख्यानं यातून घ्यायचं ते हे: एका संकेतस्थळावरचं पान फाटकं, शाई उतरलेलं निघालं, तर तीच नोंद दुसऱ्या संकेतस्थळावर पाहा. तिथं पुष्कळदा दुसऱ्या प्रतीचं छायाचित्र असतं.

इंग्रजांनी १७६० मध्ये हा मुलूख फ्रेंचांकडून जिंकला, तरी वह्यांत खंड पडला नाही. चर्चची वही हीच सरकारी जन्म-मृत्यू नोंद, ही रीत क्यूबेकमध्ये १९९३ अखेरपर्यंत चालली.

लग्नावरून लग्नावर

आपल्याकडं वंशावळ म्हटलं की आपण जन्म शोधायला धावतो. इथं तसं करू नका. लग्नाची नोंद शोधा. त्या एका नोंदीत नवऱ्याचे आईबाप आणि नवरीचे आईबाप अशी चार नावं असतात, आयांची माहेरच्या आडनावांसकट. त्या दोन जोडप्यांची लग्नं शोधलीत की आणखी आठ नावं. बाप्तिस्मा आणि दफन नंतर खात्रीसाठी पाहायचे.

ही सगळी इमारत एका रिवाजावर उभी आहे: क्यूबेकच्या नोंदीत बाई जन्मापासून दफनापर्यंत माहेरच्या नावानंच लिहिली जाते. आपल्याकडं लग्नानंतर मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलायचे. माझ्या आजीचं माहेरचं नाव काय होतं हे शोधायला मला तिच्या भावाच्या नातवाला फोन करावा लागला होता. इथं १७०० सालची शेतकऱ्याची बायको मेली तरी वहीत तिचं स्वतःचं आडनाव, आणि मग ‘अमक्याची पत्नी’.

लग्न साधारणपणे नवरीच्या पॅरिशमध्ये व्हायचं. मुलाकडच्या गावात सापडलं नाही तर शेजारची गावं बघा. ईस्टरपूर्वीच्या उपासाच्या काळात आणि नाताळाआधीच्या चार आठवड्यांत लग्नं लागत नसत. शेतकऱ्यांची लग्नं बहुतेक जानेवारी-फेब्रुवारीत आणि नोव्हेंबरात, म्हणजे शेत रिकामं असताना. मोठ्या वहीत आंधळेपणानं पानं उलटण्याऐवजी आधी हे महिने पाहिलेत तर पुष्कळ वेळ वाचतो.

एक नोंद वाचून पाहू

पाद्री ठरावीक साच्यातच लिहितो, म्हणूनच भाषा न येणाऱ्याला हे जमतं. लग्नाच्या नोंदीची सुरुवात तारखेनं, अक्षरी. मग ‘त्रुआ बाँ’ म्हणजे लग्नाची तीन रविवारी चर्चमध्ये केलेली जाहीर घोषणा. मग नवऱ्याचं नाव, आणि त्यामागं धंदा. इथं तुमचा शेतकरी पहिल्यांदा दिसतो: जुन्या नोंदीत ‘आबिताँ’, एकोणिसाव्या शतकात ‘क्युल्तिव्हातर’. ‘जुर्नालिए’ लिहिलं असेल तर तो रोजंदारीवरचा मजूर. एकाच माणसाच्या पहिल्या मुलाच्या बाप्तिस्म्याला ‘जुर्नालिए’ आणि चौथ्याच्या वेळी ‘क्युल्तिव्हातर’ असेल, तर मधल्या काळात त्याला जमीन मिळाली आहे. ती कधी आणि कशी मिळाली हे नोटरीकडं शोधायचं.

त्यानंतर ‘फीस माजर’ किंवा ‘फीस मिनर’, म्हणजे सज्ञान की अज्ञान मुलगा. १७८३ च्या आधी सज्ञान व्हायला पंचविशी लागायची, नंतर एकविशी. मग आईबापांची नावं. बापाच्या नावाआधी ‘फ’ असा दोन-तीन अक्षरांचा शब्द असेल तर तो वारलेला आहे. कैलासवासीच म्हणा ना. हा इवला शब्द पाहायला विसरू नका. आमच्या व्याह्यांच्या एका पूर्वजाच्या लग्नात बापाआधी ‘फ’ होता, आणि त्याच्या आदल्या वर्षीच्या भावाच्या लग्नात नव्हता. म्हणजे बाप त्या तेरा महिन्यांत गेला. दफनाची नोंद पुढच्या वीस मिनिटांत मिळाली.

शेवटी ‘सही करता येत नाही असं सांगितलं’ हे वाक्य. शेतकऱ्यांच्या नोंदीत ते जवळजवळ नेहमीचं.

बाप्तिस्म्याच्या नोंदीत ‘काल जन्मलेला’ किंवा ‘आज जन्मलेला’ असं येतं, कारण मूल एक-दोन दिवसांतच चर्चमध्ये नेत. कडाक्याच्या थंडीतसुद्धा. ‘ओंद्वाये’ शब्द दिसला तर बाळ जगेल की नाही या भीतीनं सुईणीनं घरीच पाणी शिंपडून बाप्तिस्मा उरकला होता. धर्मपिता-धर्ममातेची नावंही टिपून ठेवा. ते बहुतेक काका, मावशी, आजोबा असतात, आणि साखळी तुटली की तेच धागा देतात.

जिथं मी आपटलो

जुन्या पाद्र्यांनी महिन्यांची नावं आखूड केली आहेत. ‘७ब्र’ म्हणजे जुलै नव्हे. फ्रेंचमध्ये सातला ‘सेत’ म्हणतात, म्हणून ७ब्र म्हणजे सप्टेंबर. तसंच ८ब्र ऑक्टोबर, ९ब्र नोव्हेंबर आणि रोमन दहाच्या फुलीपुढं ‘ब्र’ आलं तर डिसेंबर. मी ७ब्र ला जुलै समजून एका बाईला नवरा मेल्यावर दोन महिन्यांनी जन्मलेलं मूल तो जिवंत असतानाच देऊन बसलो होतो. जावई पोट धरून हसले.

दुसरी आपटी नावांची. मुलाच्या नावाआधी ‘जोसेफ’ आणि मुलीच्या नावाआधी ‘मारी’ लावण्याचा रिवाज इतका पसरला की एका घरातले पाचही भाऊ वहीत जोसेफ असतात. पुकारायचं नाव साधारणपणे शेवटचं. शिवाय मूल दगावलं की पुढच्याला तेच नाव द्यायचे. म्हणून ‘सापडला’ म्हणून उडी मारण्याआधी त्याच नावाच्या लहान मुलाचं दफन त्या वहीत आहे का ते पाहा. नसता तुम्ही दोन वर्षांच्या वयात वारलेल्या पोराचं लग्न लावाल.

तिसरी: विधुराचं दुसरं लग्न. त्यात आईबापांची नावं नसतात, फक्त ‘अमकीचा विधुर’ असतं. तिथं साखळी संपली असं वाटतं. संपलेली नसते, त्या अमकीशी झालेलं पहिलं लग्न शोधायचं.

आणि दफनातलं वय. ‘अंदाजे सत्तर’ लिहिलेला माणूस बासष्टचाही निघतो, अठ्ठ्याहत्तरचाही. मरणाऱ्याला विचारता येत नाही, शेजारी ठोकून देतो.

दी म्हणजे ऊर्फ

क्यूबेकच्या आडनावांत ‘दी’ हा शब्द आला की मराठी माणसानं घाबरायचं कारण नाही. तो आपला ऊर्फ आहे. उदों दी बोलिय, मिविल दी देशेन, अशी जोडनावं. कधी ऊर्फचा उगम फौजेत. १६६५ मध्ये कारिन्यान-सालिएर पलटणीचे सुमारे बाराशे शिपाई आले, त्यातले चारेकशे जमीन घेऊन राहिले. पलटणीत प्रत्येकाला टोपणनाव असे: लाफ्लर म्हणजे फूल, साँसूसी म्हणजे बिनघोर, व्हादबोंकर म्हणजे हौसेनं पुढं होणारा. कधी उगम मूळ गावात: पिकार, लाँजव्हें. कधी एखाद्या पूर्वजाच्या पहिल्या नावात.

घोळ असा की पुढच्या पिढ्यांत एक भाऊ मूळ आडनाव लावतो, दुसरा ऊर्फ. तिसरा चर्चमध्ये एक आणि नोटरीकडं दुसरं. म्हणून शोधताना दोन्ही नावं टाकायची, आणि स्पेलिंग उच्चाराला मिळतंजुळतं दिसलं की सोडायचं नाही. पाद्री ऐकून लिहायचा. याचा टोकाचा मासला म्हणजे फानफ आडनाव. ऐकायला अस्सल फ्रेंच. मूळ पुरुष मॅथायस फार्न्सवर्थ नावाचा इंग्रज मुलगा, १७०४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या ग्रोटनहून पकडून आणलेला. फ्रेंच कानांनी ऐकून ऐकून फार्न्सवर्थचं फानफ झालं.

वह्या कुठं पाहायच्या

फुकटात फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर. खातं उघडलं की क्यूबेकच्या कॅथलिक पॅरिशच्या १६२१ पासूनच्या वह्यांची छायाचित्रं मिळतात. क्यूबेकचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि अभिलेखागार, ज्याला सगळे बीएएनक्यू म्हणतात, त्यांच्या संकेतस्थळावरही फुकट.

पैसे मोजायची तयारी असेल तर जेनेआलोजी क्यूबेक हे संकेतस्थळ. तिथं द्रुएं संग्रह आहे. द्रुएं संस्थेनं गेल्या शतकाच्या मध्यास हजारो वह्यांची मायक्रोफिल्म केली, तोच खजिना. एका महिन्याची वर्गणी घेऊन नेटानं बसलात तर तेवढ्यात मुख्य साखळी पुरी होते. मॉन्ट्रिऑल विद्यापीठातल्या संशोधकांनी १९६६ पासून उभारलेली पीआरडीएच ही सूची तर जुन्या काळासाठी सर्वांत भरवशाची, कारण तिथं माणसामाणसांची कुटुंबं जुळवून ठेवलेली आहेत.

सिप्रियाँ तांगे या पाद्र्यानं १८७१ ते १८९० मध्ये सात खंडांचा वंशकोश काढला. एकट्यानं केलेलं ते काम बघून आजही छाती दडपते, पण त्यात चुका आहेत. १७३० पर्यंतच्या काळासाठी रने जेते यांचा १९८३ चा कोश अधिक काटेकोर. आणि इंटरनेटवर लोकांनी टांगलेले वृक्ष? वाटाड्या म्हणून बघा, पुरावा म्हणून नको. तांगेची एक चूक मी चाळीस वृक्षांत जशीच्या तशी पाहिली आहे.

डीएनए चाचणी केलीत तर जुळणाऱ्या नातेवाइकांची यादी बघून हुरळू नका. थोड्या घराण्यांची संतती पिढ्यान् पिढ्या आपसात लग्न करत राहिली, त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीतला दूरचा नातेवाईकही जवळचा चुलतभाऊ असल्यासारखा दिसतो. लग्नाच्या वहीतही ‘चौथ्या अंशाच्या नात्याची सूट दिली’ अशा ओळी भेटतील. चौथा अंश म्हणजे दोघांचे खापरपणजोबा एक. ही ओळ भेटली तर आनंद माना. दोन बाजूंच्या पिढ्या तपासायचा आयता ताळा मिळाला.

खानेसुमारी: किती गुरं, किती जमीन

नव्या फ्रान्सचा, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या फ्रेंच वसाहतीचा, कारभारी जाँ तालों यानं १६६६ मध्ये घरोघर माणसं मोजली, ३,२१५ भरली. पुढच्याच वर्षी पुन्हा मोजणी झाली आणि या वेळी गुरं आणि लागवडीखालची जमीनही लिहिली गेली. तुमचा पूर्वज तेव्हा तिथं असेल तर त्याच्या दावणीला किती जनावरं होती ते तुम्हाला कळू शकतं. तिसरी मोठी मोजणी १६८१ ची.

मग मोठी खिंड. १८२५, १८३१, १८४२ च्या मोजण्यांत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव. घरातल्या प्रत्येकाचं नाव १८५१ च्या मोजणीपासून. शेतकऱ्यासाठी १८६१ आणि १८७१ सोन्यासारखी. १८६१ मध्ये शेतीचे तक्ते माणसांच्या तक्त्यांपासून वेगळे बांधलेले आहेत, त्यामुळे दोन्हीकडं शोधावं लागतं. १८७१ मध्ये माणसाच्या नोंदीचं पान आणि ओळ टिपून घेतली की त्याच आकड्यांवरून जमिनीच्या आणि गुराढोरांच्या तक्त्यात त्याला पकडता येतं. या सगळ्या ग्रंथालय आणि अभिलेखागार कॅनडाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, १९३१ पर्यंत.

नोटरीचं दप्तर

आता माझा प्रांत. फ्रेंच अमलात आणि नंतरही क्यूबेकमध्ये शेतकऱ्याचं आयुष्य नोटरीपुढं सरकायचं. निरक्षर माणूससुद्धा लग्नाचा करार, जमिनीची खरेदी, पोराला कामावर ठेवायचा करारनामा, मेल्यानंतरची यादी, सगळं नोटरीकडून लिहून घ्यायचा.

दप्तर नोटरीच्या नावानं ठेवलेलं असतं, गावाच्या नव्हे. म्हणून आधी त्या पॅरिशच्या आसपास त्या वर्षांत कुठले नोटरी काम करत होते ते काढा. प्रत्येक नोटरीच्या दस्तांची तारीखवार सूची असते. लग्नाची तारीख हातात असेल तर तिच्या आधीच्या तीन आठवड्यांतली सूची पाहा. लग्नाचा करार बहुतेक तिथंच असतो. बीएएनक्यू आणि फॅमिलीसर्चवर यातलं पुष्कळसं फुकट दिसतं.

तीन प्रकारचे दस्त शोधल्याशिवाय उठू नका.

पहिला मृत्यूनंतरची मालमत्तेची यादी. नवरा किंवा बायको गेली, दुसरं लग्न करायचं आहे किंवा लहान मुलांचा हिस्सा राखायचा आहे, की नोटरी दोन शेजारी घेऊन घरी येतो आणि खोलीखोलीतून फिरतो. फुटक्या कडीचं लोखंडी भांडं, जुनी कुऱ्हाड, बिछान्याची खोळ, मग गोठा, मग कोठार. प्रत्येकापुढं किंमत. देणी-घेणी. आणि अगदी शेवटी घरातल्या कागदांची यादी: अमक्या नोटरीकडं अमक्या तारखेला झालेलं खरेदीखत वगैरे. घाईत लोक ही शेवटची दोन पानं वाचत नाहीत. पुढच्या पाच दस्तांचा पत्ता तिथंच लिहिलेला असतो.

दुसरा खरेदीखत. त्यात जमिनीची चतुःसीमा आपल्याकडच्यासारखीच: पुढं नदी, मागं जमिनीचा शेवट, एका बाजूला अमका, दुसऱ्या बाजूला तमका. शेजाऱ्यांची नावं टिपा; त्यातला एक सासरा निघतो. विकणाऱ्याकडं ती जमीन कशी आली हेही लिहिलेलं असतं, नोटरी आणि तारखेसह. म्हणजे आपला फेरफारच. एका खतावरून मागच्या खतावर, तिथून आणखी मागं, थेट मूळ वहिवाटीपर्यंत.

तिसरा, माझा लाडका: हयातीतलं दानपत्र. म्हातारा-म्हातारी शेत एका मुलाच्या नावावर करतात आणि बदल्यात आपल्या पोषणाच्या अटी लिहून घेतात. इतके मिनो गहू (एक मिनो म्हणजे सुमारे ३९ लिटर), पोसलेलं डुक्कर, फोडून दाराशी आणून टाकलेली लाकडं, चर्चला जायला जुंपलेली घोडागाडी, आजारपणात पाद्री आणि वैद्य आणणं, मेल्यावर इतक्या प्रार्थना. आणि ‘न मरणारी’ एक दुभती गाय. म्हणजे ती मेली की मुलानं दुसरी आणून बांधायची. हे वाचून मी व्याह्यांना लगोलग फोन केला. म्हणालो, "तुमच्या पूर्वजांचा मुलावर भरवसा होता, पण तो कागदावर होता." ते म्हणाले, "आमच्याकडं अजूनही तसंच आहे."

जमिनीचा आकार

फ्रेंच अमलात जमीन ‘सेन्यर’ म्हणजे जहागीरदाराकडं असे आणि तो शेतकऱ्याला पट्टा तोडून देई. पट्टा अरुंद आणि लांबलचक, ठोकळमानानं नदीकाठी तीन आरपाँ रुंद आणि आत तीस आरपाँ खोल. एक आरपाँ म्हणजे सुमारे साडेअठ्ठावन्न मीटर. म्हणजे पावणेदोनशे मीटर रुंद आणि पावणेदोन किलोमीटर लांब, एकूण पाऊणशे एकरांच्या घरात. नदी हाच रस्ता, म्हणून प्रत्येकाला तिचा तुकडा हवा. नदीकाठ भरला की मागं दुसरी रांग. त्या रांगेला ‘राँ’ म्हणतात, आणि नोंदीत ‘दुसऱ्या राँमध्ये’ असं दिसलं की समजायचं, घरातल्या धाकट्याच्या वाट्याला नदी आली नाही.

शेतकरी दरसाल सेंट मार्टिनच्या दिवशी, ११ नोव्हेंबरला, सेन्यरकडं सारा भरायचा. धान्य त्याच्याच गिरणीत दळायचं आणि चौदावा हिस्सा द्यायचा. जमीन विकली तर घेणाऱ्यानं किमतीचा बारावा भाग सेन्यरला द्यायचा. ही पद्धत १८५४ मध्ये कायद्यानं संपली, आणि त्यानंतर १८६३ मध्ये प्रत्येक जहागिरीतल्या जमीनधारकांच्या याद्या छापल्या गेल्या. तुमचा शेतकरी तेव्हा जमीन धरून असेल तर त्याचं नाव त्यात असणार. पुढं जमिनींना क्रमांक पडले आणि त्या क्रमांकावरून क्यूबेकच्या जमीन-नोंदणी संकेतस्थळावर थोडं शुल्क भरून पुढचे सगळे व्यवहार पाहता येतात.

समुद्र ओलांडताना

पहिला आलेला माणूस सापडला की त्याच्या क्यूबेकमधल्या लग्नाच्या नोंदीत फ्रान्समधलं गाव आणि बिशपचा प्रांत असतो. बायको १६६३ ते १६७३ मध्ये आली असेल तर ती बहुधा राजानं खर्च देऊन पाठवलेल्या सुमारे पावणेआठशे मुलींपैकी, ज्यांना ‘राजाच्या लेकी’ म्हणत. फ्रान्सकडच्या मूळ नोंदी शोधण्यासाठी ‘फिशिए ओरिजीन’ ही सूची फुकट आहे, आणि फ्रान्सच्या जिल्हा अभिलेखागारांनी जुन्या चर्चच्या वह्या संकेतस्थळांवर चढवल्या आहेत.

या टप्प्यावर बहुतेकांना एकच माणूस भेटतो, मलाही भेटला. झाकारी क्लुतिए. फ्रान्सच्या पेर्श प्रांतातल्या मोर्तान्यचा सुतार. १६३४ मध्ये रोबेर जिफार या जहागीरदाराशी करार करून क्यूबेक शहराजवळच्या बोपोरला आला, आणि पुढं त्याच जिफारपुढं जमीनदार म्हणून वाकायला नकार देऊन बसला. लिहिता येत नव्हतं, म्हणून सहीच्या जागी कुऱ्हाडीचं चित्र काढायचा. १८०० सालापर्यंत त्याची संतती १०,८५० भरली होती असं पीआरडीएचच्या संशोधकांनी मोजलं आहे. म्हणून तुमच्या तक्त्यात तो आला तर फार फुशारू नका. त्याच्या कुऱ्हाडीचं चित्र असलेला दस्त मात्र पडद्यावर उघडून बघाच.

आमच्या नातीनं तक्त्याच्या कोपऱ्यात तीच कुऱ्हाड काढली, आणि खाली एक गाय. बाईंनी विचारलं, गाय कशाला? ती म्हणाली, "ही मरत नाही."